पलंगाखालचा वाडगा

म्हाताऱ्या कुत्र्याला कायमचं घर मिळेपर्यंत आम्ही सांभाळत होतो. त्याला दात नव्हते, म्हणून मी खाणं भिजवून द्यायचे. तो अर्धंच खायचा आणि वाडगा नाकाने माझ्या पलंगाखाली ढकलायचा.

मग दाराशी जाऊन झोपायचा. तरी तासाभरात वाडगा चाटूनपुसून लख्ख! मी बॅटरी मारून पाहिलं, तर वाडग्याखेरीज खाली नुसती फरशी.

“दुसऱ्यासाठी ठेवतो गं बिचारा,” सासूबाई हसल्या. “तुझ्या नवऱ्याने शिकावं काहीतरी.”

आज सकाळी नवी माणसं त्याला न्यायला आली. पहिल्यांदाच तो शेपूट हलवत, मागे न बघता पळत सुटला.

दुपारी मी पलंगावर बसून त्याची चादर घडी करत होते. फरशीवर काहीतरी घासल्याचा आवाज आला.

पलंगाखालून रिकामा वाडगा हळूहळू सरकत आला आणि माझ्या पायांना टेकला.