दुसरी टाकी

"नकार आला? असल्या परीक्षकांना अक्कल नसते गं," सर म्हणाले आणि त्यांनी माझ्यासाठी चहा मागवला.

माझ्या एकटीच्या नावाचा तो पहिलाच शोधनिबंध. परीक्षक कोण, हे नियतकालिक कधी सांगत नाही. पण त्याचा शेरा मला पाठ झाला होता: 'दुसऱ्या टाकीतले मासे मेले, हे लेखिकेने लपवलं आहे.'

लपवलं कसलं! चुकून टाकीत नळाचं क्लोरीनचं पाणी पडलं, मासे मेले, म्हणून तर अख्खा प्रयोग मी नव्याने केला होता. ते मेलेले मासे पाहिले फक्त मी आणि सरांनी. "कुणाला सांगत बसू नकोस," तेव्हा सरच म्हणाले होते.

चहा आला. सरांनी कप माझ्यापुढे सरकवला.

"दुसरीकडे पाठव. या वेळी माझंही नाव घाल, मग बघू कोण अडवतंय."