तेल जिरेपर्यंत

गडब गावच्या धोंडुबाईंचे गुडघे त्यांची सून नमिता रोज संध्याकाळी निर्गुडीच्या तेलाने चोळत असे. तेल जिरेपर्यंत हात थांबवायचा नाही, हा सासूचा नियम. मिठागरावरून दमून आलेल्या नमिताचा अर्धा तास त्यात जाई.

एके दिवशी रोह्याच्या कंपनीत काम करणाऱ्या तिच्या नवऱ्याने, सुभाषने, आईसाठी दुधासारख्या पांढऱ्या औषधाची बाटली आणली.

"निर्गुडीचंच तेल हाय. थेंब इतके बारीक केलेत, की डोळ्यांना दिसत नायत. एका बोटानं लावायचं, लगेच जिरतं."

नमिताने आनंदाने बाटली उघडली. धोंडुबाईंनी ती बाजूला सारली. "नको. जुनंच आण आणि चोळ."

"माझे हाल बघायला बरं वाटतंय तुमाला, आई!" नमिता म्हणाली.

"माजे गुडघे शिमग्यापासून बरे हायत गो," धोंडुबाई म्हणाल्या. "तवा तुजी बोटं सुजून फावड्याचा दांडा धरवत नव्हता. मुकादम कामावरून काढणार होता. सोताच्या हाताला तेल लावायला अर्धा तास बसली असतीस?"

नमिताने मूठ आवळून पाहिली. ती पूर्ण मिटली.

"त्या बाटलीनं तुजं एकच बोट भिजेल," असं म्हणत धोंडुबाईंनी पाय पुढे केला.