वर माणूस हाय

चहाची हाक आली. बाकीचे गेले. सोमा मात्र भिंतीपासून हलला नाही.

“वर माणूस हाय,” तो म्हणाला आणि त्याने मुठी आणखी आवळल्या.

सिन्नरच्या औद्योगिक वसाहतीतल्या या गोदामाच्या बाहेरच्या भिंतीवर मल्हारी रंगारी आणि सोमा शिडी धरणारा. जोडी बारा वर्षांची. धरणाऱ्याला नियम दोनच. वरचा उतरेपर्यंत हात सोडायचा नाही, आणि मान वर करायची नाही, नाहीतर डोळ्यांत रंग जातो.

मल्हारीला एक वाईट खोड. कमरेला सुरक्षेचा बेल्ट तो घालायचा, पण भिंतीतल्या कडीपर्यंत हात लांबवायचा त्याला कंटाळा. हुक अडकवायचा शिडीच्याच पायरीला. शिडी गेली तर तुला घेऊनच जाईल, असं सोमाने शंभरदा सांगितलं असेल. “तू हायेस ना खाली,” म्हणून तो हसायचा. एकाचा आळस आणि दुसऱ्याच्या जिवाला घोर.

एकदा, फक्त एकदाच, सोमा चहाच्या हाकेसरशी वळला होता. मागे शिडी सरकल्याची ती खरखर अजून त्याच्या डोक्यात होती.

ऊन कलत होतं. ढगाची सावली भिंतीवरून सरकली, तेव्हा भिंतच कुठेतरी निघाल्यासारखी वाटली. वरून ब्रशची सरसर सोमाच्या कानांवर येत होती, पाळण्याच्या दोरीसारखी इकडून तिकडे. डोळे जड झाले, मुठी नाही. समोरच्या रंगाला पोपडे सुटले होते. नवा रंग इतक्यात कसा सुटला, हे मल्हारी उतरला की विचारायचं त्याने ठरवलं.

गेटवरचा वॉचमन काठी टेकत, पाय ओढत आला. रोजच्यासारखा त्याने पेला सोमाच्या ओठांना लावला. टपरीचा नव्हे, घरचा, गवती चहा घातलेला. सोमाला हा माणूस आवडायचा. तो कधी ‘सोड’ म्हणायचा नाही.

आज पेला रिकामा झाला तरी तो गेला नाही.

“दमलास?”

“हात भरून आलेत. पण मल्हारी पडला तर त्याच्या बायकोला, सरूवहिनीला काय तोंड दाखवू?”

वॉचमनने काठी भिंतीला टेकवली. सोमाच्या मुठी हातांत घेऊन त्याने एकेक बोट हळूच उघडलं. आत शिडी नव्हती. काहीच नव्हतं.

“हा चहा सरूनंच धाडलाय, सोमा,” तो म्हणाला. “मी दोन वर्सांमागंच उतरलो रे.”