कळसावर थांबलेला ठिपका

वाटूरच्या मंदिरापुढं टाळकरी मच्छिंद्रनं अख्खं गाव आभाळाकडं तोंड करून उभं केलं होतं. आदिनाथमहाराजांचं कीर्तन खोळंबलं.

"अंतराळ स्थानक डोक्यावरून जाताना दिसलं न्हाई, तर टाळ ठेवायचे अन् जन्मभर मागं बसायचं," महाराजांनी बजावलं. टाळकऱ्याला याहून मोठी शिक्षा नाही.

तेवढ्यात मंठ्याकडून लखलखता ठिपका निघाला, कळसावर आला आणि थांबला.

"ओ, पेट्रोल संपलं का त्याचं?" पुष्पाबाईनं नवऱ्याला टोचलं.

"ते थांबत नसतं गं कधी," मच्छिंद्र पुटपुटला.

"मंग ते तुझं न्हाईच. ठेव टाळ!" महाराज म्हणाले.

बिचाऱ्यानं टाळ विठ्ठलाच्या पायाशी ठेवले आणि खांबाआड जाऊन बसला.

कीर्तन रंगलं. मधेच महाराज कान देऊन हसले. "उचललेच का टाळ, मच्छिंद्रा? वाजव, माउली. जन्मात पहिल्यांदा तालात वाजवून राह्यला!"

आपल्या चीर गेलेल्या टाळांचा आवाज मच्छिंद्रलाही ओळखू आला. त्यानं खांबाआडून दोन्ही रिकामे हात वर केले. विठ्ठलाच्या पायाशी टाळ जागच्या जागी होते.

महाराजांनी खूण केली. सगळे टाळ थांबले.

कळसावरून येणारा टाळ मात्र थांबला नाही.