उघडी दारं

शामसुंदर साहेबांची जीप पेठच्या डोंगरातल्या त्या पाड्यावर पोचली, तेव्हा पाड्यातली झाडून सगळी दारं सताड उघडी होती. तिथेच घात झाला.

एरवी जानेवारीत तिथे कुत्रंसुद्धा भेटायचं नाही. भात निघालं की मुकादमाचा ट्रक येई आणि अख्खा पाडा दिंडोरीकडच्या द्राक्षबागांत नेऊन ओती, तो थेट शिमग्याला परत. मागे राहायची ती पोरं, संस्थेच्या वसतिगृहात. भिमाबाईची आशा त्यातलीच. वसतिगृह निघण्याआधी ती दर हिवाळ्यात आईमागे बागेत जायची, म्हणून तिने पहिलीच तीनदा केली. पहिलीत इतकी रुळली की मास्तर तिला पहिलीची पाटलीण म्हणायचे. आता ती चौथीत होती आणि जीभ बाहेर काढून भागाकार करायची.

वसतिगृह ठेवायचं की मोडायचं, ते साहेब बघून ठरवणार होते. कोठीतलं धान्य सरत आलं होतं. पुढचं त्यांच्या शेऱ्यावर यायचं होतं. संस्थेच्या लतिकाताईंनी बागेत निरोप धाडला होता, "साहेब येतायत, बोलायला दोघं-तिघं या."

निरोप दोघा-तिघांना, आला अख्खा पाडा. पोरांच्या ताटात घास घालणारा पाहुणा दारी येणार आणि दाराला कडी? शोभतं का? मुकादम थयथय नाचला, त्याला नाचू दिलं. बायांनी घरं अशी सारवली की शेण पुरवता पुरवता गाई टेकीला आल्या. चुली पेटवल्या. पाहुण्याला भरलं घर दिसावं म्हणून वसतिगृहातली पोरं आपापल्या घरी आणली, तेल चोपडून ओळीने बसवली. ताई नाशकाहून साहेबांच्याच जीपमधून आल्या. खाली उतरल्या आणि त्यांचा चेहरा उतरला.

साहेबांचा चष्मा एवढा जाड, की समोरच्या माणसाआधी त्यांना त्याची टक्केवारी दिसे. मूल्यमापनात केस पिकलेले. नियम एकच: विचारायचं नाही, बघायचं. "माणूस पढवलेलं बोलतो," ते म्हणत. "दार पढवता येत नाही."

ते घरोघर फिरले, घरोघर गुळाचा चहा प्यायले. मग वसतिगृहात गेले. तिथे स्वयंपाकीण गोजराबाई एकटीच तांदूळ निवडत बसलेली.

"मुलं कुठायत?"

"घरी गेली ना, साहेब. तुमच्यासाठीच."

"माझ्यासाठी!" साहेबांना मोठी गंमत वाटली.

बाहेर येऊन त्यांनी सगळ्यांना जमवलं. "अभिनंदन!" ते म्हणाले. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. साहेब लोक अभिनंदन म्हणाले की वाजवायच्या असतात. "कार्यक्रम पूर्ण यशस्वी. स्थलांतर थांबलं, मुलं आपापल्या घरी राहायला लागली. आता वसतिगृहाची गरज उरलेली नाही."

टाळ्या वाजतच होत्या. भिमाबाईचे हात तेवढे थांबले. ती उठून उभी राहिली.

"साहेब, आमी नाय थांबलो. आमी जातो बागेत. तुमी येणार म्हून आलो."

"कधी आलात?"

"काल."

"आणि परत कधी जाणार?"

"आजच. दिस मावळायच्या आत मुकादम ट्रक घेऊन यायचा हाय."

साहेब लतिकाताईंकडे वळले. "बाई छान तयार केलीत."

"सर, ती खरं बोलतेय."

"तुमचा पगार या वसतिगृहावर आहे, ताई. तुमचं खरं मी कसं धरू?"

भिमाबाईचा नवरा भिका पुढे झाला. बोलणं त्याला जमायचं नाही. त्याने नुसते तळहात पुढे केले. बागेच्या फवारणीचा निळा डाग त्यांच्या रेघारेघांत मुरला होता. साहेबांनी एक तळहात बोटाने घासून पाहिला.

"शाई असावी," ते म्हणाले, आणि जीपच्या बॉनेटवर कागद ठेवून त्यांनी शेरा लिहिला.

ताईंना त्याच जीपमधून परत जायचं होतं. चढताना त्यांनी एकदा मागे पाहिलं. नजर कुणाच्याच नजरेला दिली नाही.

"दोन दिसांचे तांदूळ हायेत," गोजराबाई भिमाबाईला म्हणाली. "मग मी काय रांधू, दगड?"

भिमाबाईने घरी जाऊन आशाचं गाठोडं बांधलं. घरात मागे ठेवायला म्हातारं माणूस उरलं नव्हतं.

"आता चौथी तीनदा करायची का, आये?" आशाने विचारलं.

"गप बस."

मुकादमाचा ट्रक आला. त्याने या खेपेला पोरंही चढताना पाहिली आणि तो खूश झाला. लहान बोटं घडात बरोबर शिरतात.

घाटात साहेबांची जीप तापून कडेला उभी होती. ट्रक वळणावर हळू झाला. दाटीवाटीने उभी राहिलेली माणसं, त्यांच्या पायांत पोरं, पोरांच्या मांडीवर गाठोडी. भिमाबाईला वाटलं, आता बघतील. बघितल्यावर तरी पटेल. तिने आशाला दोन्ही हातांनी वर उचलून धरलं.

साहेबांनी चष्मा पुसला, पुन्हा लावला, आणि ते पोट धरून हसले.

"कमाल आहे तुमच्या संस्थेची, ताई! ट्रकसुद्धा भाड्याने आणलात?"

मग तोंडाभोवती हात धरून ते ट्रकमागे ओरडले, "अहो, पुरे आता! मूल्यमापन संपलं! उतरा खाली, घरी जा!"