सावरीची उशी

"अजून नावच नोतं ठेवलं. मंग रडशील त कोणाच्या नावानं रडशील, बाई?"

सासूचा हा आवाज फार जुना. तलावाच्या पाळीखालची माती सारखी करून म्हातारी तेवढं बोलली होती, आणि हात धुवायला पाण्यात उतरली होती. तिच्या बोलण्यात राग नव्हता. रीतच तशी. बारशाआधी गेलेल्या लेकराला नाव नसतं, आणि नाव नसलेल्याची आठवण कुणी बोलून दाखवत नाही. इतवारीनेही कधी दाखवली नाही.

आज भावाच्या मुलीचं बारसं होतं. आढ्याला पाळणा टांगलेला, परातीत हरभऱ्याच्या घुगऱ्या वाफाळत होत्या, आणि इतवारी मांडीवर पिशवी घेऊन दाराशी बसली होती.

"तू नुसती बस, इतवारे," तिची माय, गोकुळा, कानाशी येऊन म्हणाली. "नाव मोनाली घेईल. चुलत असली तरी आत्याच हाये थे. लोकं मंग..."

पुढचं गोकुळानं गिळलं. जिची ओटी रिकामी झाली, तिच्या तोंडून लेकराच्या कानात नाव जाऊ नये, एवढंच ते पुढचं होतं.

"बरं, माय," इतवारी म्हणाली.

नावाचं मात्र अजून ठरतच नव्हतं. भावजय रिंकूला देवाचं नको होतं, सिनेमातलं नको होतं. झाडापानाचं, पाण्याफुलाचं हवं होतं. भाऊ प्रफुल मोबाईलमधून एकेक वाचून दाखवत होता.

"अवनी?"

"अगा, थे वाघीण होती! टीव्हीवर नोते का दाखवत?" कोपऱ्यातून एक म्हातारी ओरडली.

"मंग सृष्टी."

"एक हाक मारशील त मोहल्ल्यातल्या चार सृष्ट्या धावून येतीन."

"मंग जाऊ द्या," प्रफुल वैतागला. "इतवारीबाईसारखं वाराचं ठेवा. आज शुक्रवार हाये. शुक्री!"

सगळ्या हसल्या. इतवारीही हसली. ती इतवारच्या दिवशी जन्मली, त्यापुढं तिच्या नावाचा विचार करायला कुणाला सवड झाली नव्हती. म्हणून तर स्वतःच्या लेकरासाठी तिनं मनातल्या मनात किती नावं वेचली, किती टाकली. मग एका चैत्रात ती भरल्या पोटानं तलावाच्या पाळीवर बसली होती. सावरीची बोंडं उकलत होती, वाऱ्यावर कापूस चालला होता. त्यातला एक पुंजका तरंगत आला आणि तिच्या पोटावर टेकला. इतवारीनं पोटावर हात ठेवून हळूच हाक मारली होती, "सावरी." नवऱ्यालाही सांगितलं नव्हतं, बारशालाच सांगायचं म्हणून. कापूस वेचून तिनं इवलीशी उशी शिवली होती. ती उशी लेकराबरोबर मातीत गेली. नाव तोंडात राहिलं.

"ताई, पिशवीत का लपवून ठेवलं जी?" रिंकूनं विचारलं.

इतवारीनं पिशवीतून भाचीसाठी नव्यानं शिवलेली उशी काढली. मूल गावच्या बाजारातलं पिवळं फडकं, त्यावर हिरवी शिलाई. रिंकूनं ती गालाला लावली आणि तशीच थांबली.

"कायचा कापूस हाये हा? किती मऊ!"

"सावरीचा," इतवारी बोलून गेली.

"सावरी..." रिंकूनं उशी बाळाच्या डोक्याखाली सरकवली. "सावरी! आयकलं का जी? हेच ठेवाचं."

प्रफुलनं मोबाईलवर बोट फिरवलं. "नाई हाये यात."

"मंग त अजून चांगलं. अन् आई, मोनाली कायले? सख्खी आत्या हाये ना समोर. या ताई, तुमीच घ्या नाव."

गोकुळानं इकडं तिकडं पाहिलं. बायका माना डोलावत होत्या. मोनाली बाजूला सरकली. कुणीतरी इतवारीला हाताला धरून उठवलं.

ती पाळण्यावर वाकली. बाळ जागं होतं, तिच्याकडे टकमक बघत होतं. मागं गाणं सुरू झालं, "आली आली आत्याबाई, नाव बांधलं पदरी," आणि रीतीप्रमाणं पाठीवर धपाटे पडू लागले. कुर्रर्र... म्हणून इतवारीनं तोंड बाळाच्या कानाशी नेलं.

एवढा एक शब्द सोडला की झालं. उद्यापासून ते नाव अंगणात रांगेल. शाळेत जाईल. कुणी हाक मारली की धावत येईल. तिलाही ते हवं होतं, फार हवं होतं. पण मग पाळीखालची ती खरोखरच बिननावाची होऊन जाईल.

"घे ना वं लवकर! पाठ सुजून जाईन तुही!"

हशा झाला. आणखी दोन धपाटे पडले. इतवारी सरळ उभी राहिली.

"दुसरं ठेव, रिंकू."

"काऊन जी? चांगलं नाई का?"

"चांगलं हाये. पण दिलेलं हाये थे."

"कोणाले?"

गाणं थांबलं. एक हात तिच्या पाठीवर पडला होता, तो तिथंच राहिला. इतवारीनं रिंकूकडे पाहिलं नाही. घुगऱ्यांच्या परातीशी हात थबकलेल्या आपल्या मायकडे पाहिलं.

"माह्या पोरीले, माय. थे बिननावाची नोती गेली. सावरी नाव होतं तिचं."