थट्टेचा हक्क

कबरीचा खड्डा खणून झाला होता आणि अँसेल्म बंदूक घेऊन त्याच्या काठावर उभा होता. गुराखी जमातीतला एकही फुलानी इकडे फिरकला तर जिवंत परत जाणार नाही, असं त्याने सकाळीच गावाला बजावलं होतं. रविवारी प्रार्थनेच्या वेळी मोटरसायकलींवरून आलेल्या जिहाद्यांनी चर्चमध्ये त्याच्या जमातीचे सात बोबो मारले. त्यात त्याचा भाऊ बार्नाबे होता. मारेकरी फुलानी बोलत होते. अँसेल्मला तेवढं बस्स झालं.

बंदुकीत एकच लाल काडतूस उरलं होतं. तसली काडतुसं गावात त्याच्या एकट्याकडे. दुसरं त्याने पहाटे नदीकाठाने गुरं घेऊन चाललेल्या कुणा फुलानीवर झाडलं होतं. तो पडला की पळाला, हे बघायलाही अँसेल्म थांबला नव्हता. पण डोक्यातली आग काही विझली नव्हती.

तेवढ्यात म्हातारा हम्मादी आला. फुलानीच. बोबो आणि फुलानी पिढ्यान् पिढ्या एकमेकांना थट्टेने गुलाम म्हणतात, एकमेकांच्या मयतात जाऊन मेलेल्याची नक्कल करतात आणि काहीतरी हक्काने घेतल्याशिवाय हटत नाहीत. त्यावर रागवायचं नसतं. पण ते सगळं रविवारच्या आधीचं. हम्मादीने बार्नाबेसारखी तिरकी टोपी घातली होती. त्याच्यासारखाच लंगडत, ज्वारीची दारू चढल्यागत झोकांड्या देत तो आला आणि सरळ खड्ड्यात उतरून आडवा झाला. कुणी हसलं नाही.

अँसेल्मने नळी रोखली. "म्हाताऱ्या, वर ये. नाहीतर तिथेच राहशील."

"माझा गुलाम मला न विचारता निघाला, आणि वर मलाच दम?" हम्मादी पडल्यापडल्या म्हणाला. "माझा हक्क टाक. ते काडतूस दे."

बार्नाबे असता तर पोट धरून हसला असता, हे अँसेल्मच्या मनात आलं आणि त्याला स्वतःचाच संताप आला. शेवटी त्याने बंदूक उघडली, काडतूस काढलं आणि शिवी हासडून खड्ड्यात फेकलं.

ते उचलून हम्मादी वर आला. टोपी काढून त्याने काठाशी ठेवलेल्या बार्नाबेच्या प्रेताच्या छातीवर ठेवली. मग झग्याच्या खिशातून एक रिकामं लाल काडतूस काढून त्याने भरलेल्याशेजारी तळहातावर ठेवलं.

"हे नदीकाठी सापडलं," तो म्हणाला. "माझ्या पोराला, येरोला, दुपारी पुरतोय. नक्कल करायला तूच ये. त्याला शेवटचं चालताना तूच पाहिलंयस."